सॅटेलाईट इंटरनेट: जून ते सप्टेंबरचा हिशोब वेगळा दाखवा

५ नोव्हेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारनं उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. असं करणारं आपलं राज्य देशातलं पहिलं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम ही नावं तेव्हा पुढं आली. नीती आयोगाच्या यादीतले महाराष्ट्रातले 'आकांक्षित' जिल्हे नेमके हेच चार, त्यामुळे निवडीचं नवल नाही. दुर्गम पाड्यातल्या शाळेला आणि आरोग्य केंद्राला इंटरनेट मिळावं या हेतूला नावं ठेवायचं कारणही नाही. खटकलं ते वेगळंच. त्यानंतर वेग किती मिळणार, महिन्याला किती मोजावे लागणार, जिओ आणि एअरटेल आता काय करणार यावर रकानेच्या रकाने भरले. पण जुलैत पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढून भामरागडचा रस्ता तुटतो, त्या रात्री ही डिश चालेल का, हा प्रश्न काही माझ्या वाचनात आला नाही.

खरं तर तो पहिला प्रश्न असायला हवा होता. महाराष्ट्रातलं दुर्गमपण बरंचसं हंगामी आहे. जानेवारीत भामरागडला एसटी जाते. धडगावच्या पाड्यांवर जीप कशीबशी चढते, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरही मोबाईलची एखादी काडी दिसते. जूनपासून चित्र पालटतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडचे विजेचे खांब आणि मोबाईलचे टॉवर एकदमच आडवे झाले. कित्येक दिवस तिथल्या लोकांचा बाहेर संपर्क नव्हता. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं, तेव्हा रस्ते पाण्याखाली होते आणि मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला, तिथं तर गाडीरस्ताच नव्हता. उपग्रहाचं इंटरनेट जमिनीवरच्या तारांवर आणि टॉवरवर अवलंबून नसतं, हाच त्याचा मोठा गुण सांगितला जातो. मग तो गुण अशाच रात्री उपयोगी पडायला हवा. आणि नेमक्या अशाच रात्री आकाशातून जोरात पाणी पडत असतं.

पाऊस आणि उपग्रह यांचं वैर आपल्या घराघरांत माहीत आहे. मालिका ऐन रंगात आलेली असताना सर कोसळते, आणि टीव्हीवर सिग्नल उपलब्ध नसल्याची पाटी येते. डीटीएच ज्या लहरींवर चालतं, जवळपास त्याच लहरींवर स्टारलिंकच्या आणि वनवेब या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाची डिश चालते. त्या पट्ट्याला केयू बँड म्हणतात, साधारण १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. लहरीची वारंवारता जितकी जास्त, तितकी ती पावसाच्या थेंबांत अधिक शोषली जाते आणि विखुरते. नारायणगावजवळच्या आर्वीला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जे विक्रम भूकेंद्र उभं राहिलं, ते ४ ते ६ गिगाहर्ट्झच्या सी बँडवर काम करायचं. पावसाचा तिथं फारसा प्रश्नच नव्हता. पण त्यासाठी जवळजवळ ३० मीटर व्यासाची तबकडी लागली. घराच्या कौलांवर मावेल एवढी डिश हवी असेल आणि तीतून शेकडो एमबीपीएस हवे असतील, तर वरच्या बँडमध्ये जावं लागतं. तिथं गेलात की पावसाचा कर भरावा लागतो.

हा कर किती, ते ठरवण्याची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची सूत्रं आहेत. ताशी १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस १२ गिगाहर्ट्झच्या लहरीतून दर किलोमीटरला साधारण ५ डेसिबल खातो. २० गिगाहर्ट्झला, म्हणजे केए बँडमध्ये, तोच आकडा सुमारे १२ होतो, आणि ३० गिगाहर्ट्झला १९ च्या घरात जातो. ३ डेसिबल गेले की शक्ती निम्मी होते, १० गेले की दहावा हिस्सा उरतो, २० गेले की शंभरावा. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्याचे थेंब साधारण ५ किलोमीटर उंचीपर्यंत असतात. तेव्हा अशा सरीतून येणारी लहर तीन-चार किलोमीटर जरी भिजली, तरी केयू बँडमध्ये तिचे शंभरातले एक ते तीन भाग हाती लागतात, आणि केए बँडमध्ये हिशोब करण्यात अर्थच उरत नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो सरकारी निर्णयांतही डोकावतो. जास्त पावसाचा तालुका म्हणजे सेवेत जास्त खंड, असं गणित नसतं. लहरीला दिवसभरात किती पाणी पडलं याच्याशी देणंघेणं नाही, त्या मिनिटाला किती जोरात पडतंय याच्याशी आहे. महाबळेश्वरात दिवसरात्र संततधार लागून २०० मिलिमीटर पाऊस झाला तर बातमी होते, पण त्याची ताशी सरासरी ८ मिलिमीटर येते, आणि केयू बँडची बरी डिश एवढ्यावर कुरकुरतही नाही. उलट मे महिन्याच्या शेवटी लातूर-नांदेडकडे वळीव येतो, पाव तासात २५ मिलिमीटर ओततो आणि निघून जातो. त्या पाव तासापुरता त्याचा वेग ताशी १०० मिलिमीटर असतो, आणि तेवढ्यात सगळं बंद पडतं. म्हणजे धाराशिव आणि वाशीम कमी पावसाचे म्हणून तिथं निर्धास्त राहावं, असं नाही. तिथल्या खंडाची जात वेगळी आहे, तो छोटा आणि तुटक असतो. शाळेच्या दृष्टीनं तो सोसण्यासारखा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात मात्र जेव्हा खरोखर फाटतं, तेव्हा तासन् तास फाटतं. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ताशी सरासरी २५. या सरासरीनंच केयू बँडची शक्ती एक-तृतीयांशावर येते आणि केए बँडची पाच टक्क्यांच्याही खाली. सरासरीच्या वर ज्या सरी येऊन गेल्या असतील, त्यांची गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हाची ताशी सरासरी ३९ होती. घराखाली डोंगर सरकतो आणि शहरात लोकलगाड्या पाण्यात उभ्या राहतात, तेच हे तास.

आता कंपन्या जो आकडा दाखवतात तो पाहू. सेवा ९९.५ टक्के वेळ उपलब्ध राहील, असं कागदावर लिहिलेलं असतं. ऐकायला पैकीच्या पैकी गुण वाटतात. वर्षाचे तास ८,७६०, त्यातला अर्धा टक्का म्हणजे सुमारे ४४ तास. हे ४४ तास वर्षभर सारखे पसरलेले असते तर आठवड्याला पाऊण-एक तास इंटरनेट नाही, एवढंच झालं असतं. आपल्याकडे ते तसे पसरत नाहीत. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सेवा जवळजवळ शंभर टक्के चालते, आणि बहुतेक सगळा खंड जून ते सप्टेंबरमध्ये गोळा होतो. त्यातही तो वीसेक धुवांधार दिवसांत साचला, तर त्या दिवसांची उपलब्धता ९१ टक्क्यांवर येते, म्हणजे दिवसाला दोन तासांहून जास्त अंधार. करार मोडला का? नाही. कंपनी खोटं बोलली का? तेही नाही. वार्षिक सरासरीचा आकडा अगदी बरोबर आहे, फक्त तो आपल्या उपयोगाचा नाही. बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडणाऱ्या देशांत तो आकडा प्रामाणिक ठरतो. मोसमी पावसाच्या देशात तो झाकण घालतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: महाराष्ट्रात उपग्रहावरचं इंटरनेट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीनं जून ते सप्टेंबरची उपलब्धता वेगळी आणि तालुक्यागणिक जाहीर करावी, आणि सरकारनं आपली खरेदी त्याच आकड्यावर करावी. बाकी सगळी तुलना त्यानंतर.

तुलना करायला गेलं तर चित्र जाहिरातींत दिसतं तेवढं एकरंगी नाही. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह जुनाट आणि खालच्या कक्षेतले आधुनिक, असा एक सूर ऐकू येतो. इस्रोचा ५,८५४ किलो वजनाचा जीसॅट-११ डिसेंबर २०१८ मध्ये गेला. तो आणि जीसॅट-२९ वापरून ह्यूजेस कंपनी सप्टेंबर २०२२ पासून भारतात सेवा देते आहे. नवी मुंबईत महापेच्या नेल्को कंपनीचं काम त्याहून जुनं. गावाकडच्या कित्येक एटीएमच्या छतावर जी डिश दिसते, ती याच जातीची. भूस्थिर सेवेत सिग्नल जाऊन यायला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो, व्हिडिओवर बोलताना माणसं एकमेकांचं वाक्य तोडतात. पण महाराष्ट्रातून हे उपग्रह आकाशात बरेच उंच दिसतात, साधारण ६५ अंशांवर. त्यामुळे लहर पावसातून जवळजवळ सरळ खाली येते, साडेपाच किलोमीटरच्या आसपास भिजते. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, विलंब २० ते ५० मिलिसेकंद. मात्र डिशला क्षितिजाच्या वर २५ अंशांवरचा उपग्रहसुद्धा पकडावा लागतो, आणि त्या तिरक्या वाटेत पावसाचा टप्पा बारा किलोमीटरपर्यंत लांबतो. त्यांचे बहुतेक उपग्रह ५३ अंशांच्या कक्षांत आहेत. ते युरोपच्या अक्षांशांवर दाटी करतात आणि आपल्या १९-२० अंशांवर तुलनेनं विरळ असतात. उलट बाजूनं, एका दिशेला ढग असेल तर दुसऱ्या दिशेचा उपग्रह निवडायची सोय त्यांच्याकडे आहे. भूस्थिर डिशला एकाच बिंदूकडे बघत बसायचं असतं. निवाडा काय, ते जागेवर मोजूनच कळेल. पोलादपूरच्या दरीत, जिथं तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत, तिथं मला भूस्थिर डिश बरी वाटते. सपाट माळावर मी खालच्या कक्षेतली घेईन.

वनवेब १,२०० किलोमीटरवर आहे, सुमारे ६४८ उपग्रह, आणि ती घरोघरी विकण्यापेक्षा कंपन्यांना, सरकारला, बँकांना विकायची सेवा आहे. जिओची भागीदारी एसईएस या उपग्रह कंपनीशी आहे. त्यांचे उपग्रह ८,००० किलोमीटरवर, पण केए बँडमध्ये. भारतात येऊ पाहणाऱ्या अ‍ॅमेझॉन लिओचा, म्हणजे पूर्वीच्या कायपरचा, ग्राहकाच्या डिशचा दुवाही केए बँडमध्येच. १९ नोव्हेंबर २०२४ ला फाल्कन-९ रॉकेटवरून गेलेला आपला जीसॅट-एन२ हासुद्धा केए बँडचाच, ४८ जीबीपीएस क्षमतेचा. क्षमतेसाठी केए बँड उत्तम आहे यात वाद नाही. पण कोकणासाठी केए बँडची सेवा कुणी स्वस्तात देऊ करत असेल, तर जुलैचे आकडे पाहिल्याशिवाय सही करू नये.

एक गोष्ट ग्राहकाला कधीच सांगितली जात नाही. तुमच्या गावात लख्ख ऊन असतानाही पावसानं इंटरनेट जाऊ शकतं. डिशचा सिग्नल उपग्रहाकडे जातो, तिथून तो कंपनीच्या भूकेंद्रावर, म्हणजे गेटवेवर उतरतो, आणि मग इंटरनेटच्या महाजालात शिरतो. डिश केयू बँडवर असली, तरी गेटवेचा दुवा बहुतेक ठिकाणी केए बँडवर किंवा त्याहूनही वर असतो. गेटवेच्या तबकड्या मोठ्या असतात, ताकद जास्त असते, तरीही ताशी १०० मिलिमीटरपुढं त्यांचंही फार चालत नाही. यावर उपाय जुना आहे: दोन गेटवे एकमेकांपासून इतके दूर ठेवायचे की एकाच सरीत दोन्ही सापडणार नाहीत. स्टारलिंकचे उपग्रह लेझरनं एकमेकांशी बोलतात, त्यामुळे भिजलेला गेटवे सोडून कोरड्या गेटवेकडे वळणं त्यांना सोपं. पण भारतातल्या ग्राहकांची वाहतूक भारतातल्याच गेटवेतून गेली पाहिजे, अशी आपली सुरक्षेची अट आहे. अट रास्त आहे. तिचा अर्थ मात्र असा की कोरडा गेटवेसुद्धा भारतातच शोधावा लागणार. स्टारलिंकच्या गेटवेंच्या बातम्यांत मुंबईचं नाव होतं. मुंबई बंद पडली की भार कुठं जाणार आणि तिथं किती जागा शिल्लक असणार, हे राज्यानं लेखी विचारायला हवं. वनवेबचे भारतातले गेटवे गुजरातेत मेहसाण्याला आणि तामिळनाडूत आहेत. ही जोडी मला आवडते. तामिळनाडूचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, मेहसाण्याचा पाऊस मुळात बेताचा, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी भिजण्याची शक्यता कमी. पण वनवेबच्या पहिल्या पिढीच्या उपग्रहांत लेझर नाहीत, तेव्हा उपग्रहाला गेटवे थेट दिसावाच लागतो. प्रत्येकाकडे काहीतरी आहे आणि काहीतरी नाही. जाहिरातीत मात्र एकच आकडा असतो, एमबीपीएस.

तो आकडासुद्धा नीट वाचायला हवा. हल्लीच्या सेवा पावसात एकदम तुटत नाहीत, आधी मंदावतात. सिग्नल कमजोर झाला की यंत्रणा आपोआप साध्या, सावकाश पण चिवट पद्धतीनं माहिती पाठवू लागते. डीव्हीबी-एस२ या प्रचलित मानकात सर्वांत वेगवान आणि सर्वांत चिवट पद्धतीत सुमारे १८ डेसिबलचं अंतर आहे, आणि वेगात जवळजवळ नऊपट. म्हणजे कोरड्या दिवशी १०० एमबीपीएस देणारा दुवा मुसळधार पावसातही ११ देत तग धरू शकतो. रात्री दोन वाजता तलाठ्याला दरडीचा फोटो पाठवायचा असेल, तर ११ पुष्कळ झाले. अडचण अशी की तो दुवा तुमचा एकट्याचा नसतो. शंभर घरं मिळून वापरत असतील आणि पावसात सगळेच फोनला चिकटले असतील, तर वाट्याला काय येणार? म्हणून कंपनीला 'जास्तीत जास्त किती' हे विचारण्यात वेळ घालवू नये. पावसातला किमान वेग किती, आणि तो ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या डिशला राखीव आहे का, हे विचारावं.

सगळं खापर कंपन्यांवर फोडणंही बरोबर नाही. डिश कशी बसवली यावर बरंच ठरतं. सपाट तबकडीवर पाण्याचा पापुद्रा साचला तरी सिग्नल घटतो, म्हणून तिला उतार हवा. कोकणातल्या वाडीत नारळ-पोफळीच्या झावळ्या आकाश अडवतात आणि ओल्या पानांतून लहर जवळजवळ जातच नाही. डिसेंबरमध्ये बसवून गेलेल्या माणसाला जूनमध्ये ते झाड केवढं पसरतं याचा अंदाज नसतो. (कोकणात डिशचा पहिला शत्रू पाऊस नाही, माकडं आहेत, हेही बसवणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.) केबल जिथून घरात शिरते तिथं ती आधी खाली वळवून मग वर घ्यावी, नाहीतर पाणी तिच्या अंगानं थेट राउटरमध्ये येतं. अर्थिंग नसलेली डिश वळवाच्या विजांत किती टिकते, ते मराठवाड्यात विचारा.

आणि वीज. यावर कुणीच बोलत नाही. वादळात उपग्रह जागेवर असतो, डिश जागेवर असते, महावितरणची लाईन नसते. स्टारलिंकची नेहमीची डिश ७५ ते १०० वॅट खाते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर ती दहा-बारा तास ओढेल, तेही पंखे-दिवे बंद ठेवून. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनला वीज दहा-बारा तासांत आली नव्हती. सौर पॅनेल लावा म्हणणं सोपं आहे, पण जुलैच्या काळोखात ते कितीसं देणार? सरकारी डिश बसवताना डिशइतकाच खर्च बॅटरीवर करावा लागेल, आणि ती दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागेल. निविदेत ही तरतूद नसेल, तर दुसऱ्या पावसाळ्यापासून ती डिश शोभेची.

पाऊस सोडूनही सेवा पडते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २४ जुलै २०२५ ला स्टारलिंकची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली, आणि कारण कंपनीच्या आतल्या सॉफ्टवेअरमधला बिघाड होतं. पावसाचा त्यात काही संबंध नव्हता. आपत्तीचा सगळा भार एकाच कंपनीवर टाकायचा नाही, याला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

इथं सरकारच्या विचारातली फट मला सर्वांत मोठी वाटते. दरड कोसळल्यावर गावाला व्हिडिओ नको असतो. 'वीस घरं गाडली, रस्ता बंद, बोट पाठवा' एवढे शब्द तहसीलदारापर्यंत पोचायला हवे असतात. त्यासाठी केयू बँडची गरजच नाही. १.५ ते २.५ गिगाहर्ट्झच्या एल आणि एस बँडमधल्या लहरींना पाऊस जवळजवळ दिसतच नाही. वेग अगदी कमी, पण मजकूर जातो. ही यंत्रणा आपल्याकडे आहे, आणि तीही घरची. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांच्या संपर्क यंत्रणेची सुरुवात झाली. सुमारे ३६० कोटींच्या खर्चातून देशभरातल्या एक लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रावरचे ट्रान्सपॉन्डर बसवायची ती योजना. खोल समुद्रातल्या बोटीवरून दोन्ही बाजूंनी संदेश जाऊ-येऊ शकतात. मग साताऱ्याच्या, रायगडच्या, कोल्हापूरच्या दरडप्रवण वाड्यांना तसाच एकेक संच का नको? हे यंत्र थोडी वीज खातं, त्याला मोठी डिश लागत नाही. समुद्रावर बोट हरवते तशी डोंगरात वाडीही हरवते, हे आपण २०२१ ला पाहिलं आहे. स्टारलिंकच्या झगमगाटात या साध्या उपायाकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढीच काळजी.

'एवढी काटेकोर मागणी केली तर कंपन्या दुर्गम भागात येणारच नाहीत', असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. मे २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, शिफारस केली की या कंपन्यांकडून महसुलाच्या ४ टक्के एवढाच स्पेक्ट्रम आकार घ्यावा, लिलाव नको. शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा सुचवले, ग्रामीण ग्राहकामागे काही नाही. म्हणजे गावांत जाण्यासाठी सवलतीचा विचार आधीच झालेला आहे. सवलत मागणाऱ्यानं हिशोब दाखवावा, यात जाच कसला? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: काहीच नसण्यापेक्षा पावसात मधूनमधून जाणारं इंटरनेट बरं. अगदी बरं. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र, शाळेचा तास, सातबाऱ्याचा उतारा, यांना दोन तास थांबता येतं. त्यांच्यासाठी ९८ टक्क्यांची सेवाही घ्यावी, फक्त ती ९८ ची म्हणून घ्यावी आणि ९८ च्या भावानं घ्यावी. तिच्या भरवशावर रुग्णवाहिकेचा किंवा पूरनियंत्रण कक्षाचा संपर्क टाकू नये.

इरादापत्र म्हणजे साखरपुडा. देण्याघेण्याचं अजून बोलता येतं. बोलणी करताना राज्याच्या हातात एक पत्ता असा आहे की जो कुठल्याच कंपनीकडे नाही. कंपन्या पावसाचे जे जागतिक नकाशे वापरतात ते ढोबळ असतात. सह्याद्रीत पाऊस चौकटी मानत नाही. महाबळेश्वरपासून पाचगणी वीसेक किलोमीटरवर, आणि तिथला पाऊस निम्म्याहूनही कमी. आणखी पूर्वेला फलटणला वर्षाचे ५०० मिलिमीटर मिळाले तर लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. हा फरक पकडण्याची सोय महाराष्ट्रानं 'महावेध' प्रकल्पात करून ठेवली आहे. महसूल मंडळागणिक बसवलेली दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं पाऊस नोंदवतात, आणि त्या नोंदींवर शेतकऱ्यांचे पीकविम्याचे दावे मान्य-अमान्य होतात. शेतकऱ्याचा दावा ज्या आकड्यानं फेटाळला जातो, तोच आकडा इंटरनेट कंपनीच्या दाव्याला लावायला काय हरकत आहे? डिश कधी तुटली, कधी मंदावली, कधी पूर्ववत झाली, याची नोंद प्रत्येक डिश स्वतः ठेवते. ती नोंद दर महिन्याला राज्याला द्यावी, अशी अट करारात घातली की एका पावसाळ्यात मंडळागणिक नकाशा तयार होईल: कुठं किती पावसाला कुठली सेवा पडते.

त्यासाठी आधी हजार डिश विकत घ्यायची गरज नाही. भामरागड, धडगाव, पोलादपूर, आंबोली अशा चार वेगळ्या पावसांच्या जागी प्रत्येक कंपनीचा एकेक संच बसवावा, शेजारी पर्जन्यमापक ठेवावा आणि एक अख्खा पावसाळा चालू द्यावा. मेमध्ये बसवलं, तर सप्टेंबरअखेर आकडे हातात येतील. ते संकेतस्थळावर टाकावेत, कंपनीच्या नावासकट. नंतरच्या करारात पैसे वार्षिक उपलब्धतेवर न देता दोन भागांत द्यावेत: कोरड्या आठ महिन्यांचे वेगळे, पावसाळ्याच्या चार महिन्यांचे वेगळे. जुलैत सेवा पडली, तर ती कपात जानेवारीतल्या शंभर टक्क्यांनी भरून निघता कामा नये.